ब्रॅकनेलची माघार

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या सकाळी माझ्या मॅनेजरनी लॅपटॉप हातात द्यायच्या आधी एक काम सांगितलं. "ही बिल्डिंग फिरून या. बाहेर पडायचे दरवाजे कुठे कुठे आहेत ते बघा. मग बसा."

मला वाटलं, फायर सेफ्टीचं काहीतरी असेल. फिरून आले आणि सांगितलं, मागचा जिना, किचनशेजारचं दार, माल उतरवायच्या जागेचं शटर. ते म्हणाले, "सायकल स्टँडकडे एक दार आहे, ते राहिलं. राहतंच सगळ्यांचं." आणि मग, आपल्या चुलत्याबद्दल बोलावं इतक्या सहज, "आमचा जनरल कुठल्याही गावात मुक्काम करायचा तर आधी गावाबाहेरचे रस्ते चालून यायचा. जेवण नंतर."

कोण जनरल, हे पहिल्याच दिवशी कसं विचारायचं? संध्याकाळी समीरला विचारलं. समीर कोल्हापूरचा, माझ्या शेजारी बसायचा. आम्ही दोघं एकाच जुनाट सिस्टिमवर काम करणार होतो. "प्रशियाचा आहे," तो म्हणाला. "मरून दोनशे वर्षं होत आली. पण आपल्या टीमचा खरा रिपोर्टिंग मॅनेजर तोच आहे असं समज."

आमची टीम म्हणजे पुण्या-नागपूरकडची डझनभर माणसं, बहुतेक सगळी वर्क व्हिसावर, आणि कॉलिन नावाचा एक इंग्रज टेस्टर. मॅनेजरना, म्हणजे आमच्या सरांना, इथे येऊन तीस वर्षं झाली होती. ब्रिटिश पासपोर्ट, साठीकडे झुकलेलं वय, किडकिडीत अंगावर बारा महिने तोच तपकिरी कार्डिगन. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. मराठी बोलताना मात्र आमच्या तोंडून 'सर' निघायचं आणि ते त्यांनी कधी थांबवलं नाही.

प्रशिया म्हणजे जर्मनी हा एक देश व्हायच्या आधीचं, उत्तरेकडचं एक लष्करी राज्य. हे मला सरांमुळे कळलं. एरवी आमच्या पिढीला कशाला कळतंय. त्या राज्यातल्या पोमेरेनिया नावाच्या भागात, वाळवट जमिनीवर, एक गरीब जहागीरदार होता आणि त्याला खाणारी तोंडं फार होती, म्हणून त्याने धाकट्या मुलाला अकराव्या वर्षी लष्करी शाळेत टाकून दिलं. मुलाची उंची बेताची, नजर अधू, आणि घोड्याची भीती. "विचार कर," सर किटलीपाशी उभे राहून म्हणायचे, "त्या सैन्यात ऑफिसरला घोड्याची भीती वाटणं म्हणजे काय असेल. तीनदा पडला. मग चालतच जायला लागला. लोक हसायचे. पण चालणाऱ्या शिपायांना बरोबर काय वेगाने जाता येतं, हे त्या एकट्यालाच ठाऊक होतं."

त्याची वीस वर्षं कॅप्टन म्हणूनच गेली, कारण वरचा मरेपर्यंत खालच्याला बढती नसायची. समीरचं प्रमोशन दुसऱ्यांदा हुकलं तेव्हा सरांनी त्याला हे सगळं ऐकवलं होतं. समीर म्हणतो, त्या दिवशी त्याला सांत्वनाची गरज होती आणि मिळाला पोमेरेनियाचा इतिहास. पण तो हेही सांगतो की सर त्याच्यासाठी वरच्यांशी भांडून आले होते, ते त्याला कॉलिनकडून फार उशिरा कळलं.

त्या जनरलला सर भेटले कसे, तर कंपनीने त्यांना एका हिवाळ्यात उत्तर जर्मनीतल्या एका लहानशा गावी पाठवलं होतं. कँटीनमध्ये शाकाहारी माणसाच्या नशिबी बटाटाच. म्हणून ते डबा घेऊन बागेतल्या एका बाकावर बसत. समोर दगडाचा एक अर्धपुतळा होता. नाक फुटलेलं, खालची अक्षरं झिजलेली. सरांनी गावात विचारलं, हे कोण? कुणालाच सांगता आलं नाही. "रोज एका माणसासमोर बसून जेवायचं आणि तो कोण हे ठाऊक नाही," सर म्हणाले. "बरं दिसत नव्हतं ते." मग त्यांनी जर्मन शिकायला घेतलं. त्यावर भागेना, कारण जुनी पुस्तकं निराळ्याच काटेरी अक्षरांत छापलेली असतात. तेही शिकले. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "लोकांचे नवरे मिडलाइफमध्ये मोटरसायकल घेतात. आमच्याकडे हा आला."

मोटरसायकल सोडाच, सर मोटरवेवर गाडीसुद्धा चालवत नसत. भीती वाटते, असं सरळ सांगायचे. काकू स्टिअरिंगवर आणि हे बाजूला सगळ्यांच्या छत्र्या मांडीवर घेऊन, असं दोघं टीमच्या पिकनिकला येत. विंडसरला गेलो होतो तेव्हा मला लक्षात आलं की सर कधीच पुढे चालत नाहीत. घोळका जिथे संपतो तिथे ते. कुणाच्या बुटाची लेस सुटली, कुणी फोटो काढत रेंगाळलं, तर सर त्याच्या मागे उभे. फायर ड्रिलला अख्खी बिल्डिंग रिकामी झाल्यावर, टॉयलेटांची दारं ठोठावून, हे सगळ्यांत शेवटी बाहेर. फायर वॉर्डन वैतागायचा. सर म्हणायचे, "सॉरी, सवय आहे." जणू मागच्या फ्रेंच घोडदळाशी त्यांचीच गाठ पडली होती.

ती गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा सांगितली असेल. फ्रेंच सम्राटाने एका शरद ऋतूत प्रशियाच्या सैन्याचा चक्काचूर केला. ज्यांच्या छातीवर पदकं मावत नव्हती अशा म्हाताऱ्या सेनापतींनी एकामागून एक किल्ले गोळी न झाडता देऊन टाकले. आमचा जनरल तेव्हा साधा कर्नल होता. हाताशी उरलेली पलटण, वाटेत सापडलेली दुसऱ्या पलटणींची चुकार माणसं, जखमी, शिपायांची बायकापोरं, असं सगळं लटांबर घेऊन तो पूर्वेला निघाला. गुडघाभर चिखल, भाकरीचा पत्ता नाही, मागे घोडदळ. जखमींना आधी, चालणाऱ्यांना मध्ये, आणि धडधाकट माणसांना शेवटी, अशी त्याने रांग लावली. ओडर नदीपर्यंत पोहोचला आणि सगळ्यांना घेऊन होड्यांतून पलीकडे गेला. बस, एवढीच त्याची कीर्ती. पुढे चौकशी झाली, त्याला काही वर्षं घरी बसवलं, तिथे त्याने कोबी लावले. मग पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा लाकडी बूट घातलेल्या शेतकऱ्यांना कवायत शिकवायला त्याला बोलावलं आणि तिथे कुठे तो जनरल झाला. त्या शेतकऱ्यांना घेऊन एक खेडं अख्खी दुपार धरून ठेवलं. नाव दुसऱ्याचं झालं. घरी, खुर्चीत बसल्या बसल्या वारला.

"एकही मोठी लढाई जिंकला नाही?" मी एकदा विचारलं.

"नाही. जिंकणाऱ्याच्या मागे कुणीही चालतं. हरल्यावर लोक याच्या मागे चालले. का चालले असतील, याचा मी अजून विचार करतोय."

समीरने खोडी काढली, "सर, हे पुस्तकात आहे की तुमचं?"

"माझं. मला वाटतं तेव्हा मी 'मला वाटतं' म्हणतो." त्यांना राग आला नव्हता. म्हणाले, "मी मुंबईत पहिल्या नोकरीत होतो. एके दिवशी कंपनी बंद झाली. आमचा बॉस लंचला गेला तो परत आलाच नाही. टेबलावर त्याचा चष्मा होता. आम्ही संध्याकाळपर्यंत त्या चष्म्याकडे बघत बसलो होतो."

मी तिथे दोन वर्षं काढली आणि मग तो मेल आला. क्लायंटने कॉन्ट्रॅक्ट संपवलं होतं. डिसेंबरअखेर टीम बंद. काम पुण्याला जाणार होतं. पुण्याहून आलेली माणसं इथे राहण्यासाठी धडपडणार आणि त्यांचं काम परतीच्या विमानात, असा तो प्रकार. नोकरी संपली की व्हिसावाल्याला नवा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस मिळतात. नाही मिळाला तर सामान बांधायचं. कुणाची मुलं शाळेत, कुणी नुकतंच घर भाड्याने घेतलेलं. समीरची बायको ऋतुजा गरोदर होती, मार्चमध्ये दिवस भरणार होते, आणि तिला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं.

सरांनी आम्हा सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. एकजण रडत होता. सर म्हणाले, "घाबरायला आज संध्याकाळपर्यंत परवानगी आहे. मीही घाबरणार आहे. उद्या सकाळपासून चालायला लागू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रांग लावली. ज्यांचं सगळ्यांत अडलेलं त्यांना पुढे. त्यांच्यासाठी सर स्वतः जुन्या ओळखीच्यांना फोन करायचे, आणि तीस वर्षांत त्यांनी जोडलेली माणसं किती आहेत ते आम्हाला तेव्हा दिसलं. रोज लंचमध्ये खोट्या मुलाखती. ज्याला नोकरी मिळाली त्याने नव्या कंपनीत गेल्यावर मागच्या एकासाठी शब्द टाकायचा, असा नियमच होता. "पलीकडे पोहोचलेल्याने दोर धरून उभं राहायचं," सर म्हणायचे. कॉलिनवर आमचे सीव्ही तपासायचं काम होतं. त्याने ते सगळे वाचले आणि चष्मा काढून म्हणाला, "तुमच्यापैकी एकानेही आयुष्यात एकट्याने काही केलेलं दिसत नाही. सगळीकडे 'आम्ही' केलं. कोण हे आम्ही?" मग त्याने एका आठवड्यात आमचे सगळे 'आम्ही' खोडून 'मी' करून दिले.

माणसं निघायला लागली. एक लीड्सला, एकजण बर्मिंगहॅमच्या बँकेत, दोघी ब्रिस्टलला. प्रत्येकाच्या शेवटच्या दिवशी सर त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत जायचे आणि ट्रेन हलेपर्यंत थांबायचे. परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याला मी आनंद म्हणणार नाही. मोजून सगळे आहेत ना हे बघणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा मी, समीर आणि कॉलिन उरलो. कॉलिनला पेन्शन होती. समीरला आणि मला मात्र कुणी घेत नव्हतं, कारण आमची ती जुनाट सिस्टिम जगात कुणालाच नको होती. समीरची झोप उडाली होती. ऋतुजा एकदा ऑफिसखाली त्याला न्यायला आली, तेव्हा सर तिच्यासाठी खुर्ची घेऊन खाली गेले आणि एवढंच म्हणाले, "तुझं मी बघतोय."

आणि पुढच्या सोमवारी सर नव्हते.

टेबल आवरलेलं. खुर्चीवरचा कार्डिगन नाही. टीमला दोन ओळींचा मेल होता. आजपासून मी कंपनीत नाही, काम चालू ठेवा. फोन उचलेनात.

समीर कितीतरी वेळ त्या टेबलाकडे बघत होता. मग म्हणाला, "होडीत पहिला जनरल बसला." तो चिडलेला असता तर बरं वाटलं असतं. त्याचा आवाज अगदी रिकामा होता. कॉलिनने किचनमध्ये जाऊन सरांचा कप धुतला आणि जागेवर ठेवला. मला राग आला होता. दोन वर्षं ऐकलेल्या सगळ्या गोष्टींचा राग.

बुधवारी लंडनहून डायरेक्टर मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, ती जुनी सिस्टिम पुण्याच्या लोकांना शिकवायला समीरला आणि मला मे महिन्यापर्यंत ठेवून घेतलंय, कॉन्ट्रॅक्ट मेल करते. समीरने विचारलं, हे आधी का नव्हतं ठरलं? त्या जरा गोंधळल्या. "बजेट नव्हतं. तुमच्या मॅनेजरनी स्वतःची पोस्ट आधीच सोडायची तयारी दाखवली, त्यातून तुमच्या दोन जागा झाल्या. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मे म्हणजे बाळ जन्मून दोन महिन्यांचं झालेलं असणार होतं. समीरने टेबलावर डोकं टेकवलं. कॉलिन उठून खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं सरांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. सर मागच्या कुंपणाची फळी ठोकत होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला नाही. "मॅडमना सांगितलं होतं मी, बोलू नका म्हणून."

"सर, तुमचं काय?" मी विचारलं. "तुम्हाला या वयात कोण..."

"मला कुणी विमानात बसवणार नाही ना? मग झालं."

समीर म्हणाला, "मी तुम्हाला नको ते बोललो. होडीत पहिले बसलात म्हणालो."

सर हातोडी घेऊन तसेच उभे राहिले. मग पायरीवर बसले. "बसला होता तो," ते म्हणाले.

"कोण?"

"जनरल. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मलाच ते नीट पटत नव्हतं. ओडरवरचा पूल तोडलेला होता. होड्या सगळ्या पलीकडच्या काठाला. नावाडी घाबरून यायला तयार नव्हते. साध्या ऑफिसरचं ते ऐकेनात. एकच मोडकी होडी होती इकडे. त्यात सगळ्यांत आधी हा बसला. मागची माणसं ओरडायला लागली की कर्नल पळाला. काहींनी शिव्या दिल्या, एकाने चिखल फेकला. हा पलीकडे गेला, नावाड्यांसमोर उभा राहिला आणि सगळ्या होड्या घेऊन आला. रात्र व्हायच्या आत सगळे पार. पण पहिला तोच बसला होता, हे हजार लोकांनी पाहिलेलं. चौकशीत त्याला तेच विचारलं. घरी बसवलं ते त्यासाठी."

"आणि त्याने काय सांगितलं चौकशीत?" कॉलिनला मी भाषांतर करून सांगत होते, त्यानेच हे विचारलं.

"हो म्हणाला. मी पहिला बसलो, एवढंच. कारण सांगितलं नाही. ते नंतर एका नावाड्याच्या जबानीतून निघालं." सरांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "मला वाटायचं, सांगायला काय हरकत होती याला? आता वाटतं, सांगायला लागलं की ते काहीतरी मागितल्यासारखं होतं."

मी आयुष्यात मोठमोठी माणसं लांबून पाहिली आहेत, मंचावर, पडद्यावर. इतक्या जवळून, पायरीवर बसलेला, नखांत लाकडाचा भुसा असलेला असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. काय करावं ते न सुचून मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते दचकून उठलेच.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "एकट्या यांना मोठं करू नका हं," त्या म्हणाल्या. "मला विचारलं होतं त्यांनी. मी हो म्हटलं तेव्हा झालं हे."

त्यांना ते सोपं गेलं नाही. सर जवळजवळ वर्षभर घरी होते. मुलाखतींना जायचे, मुलाखत घेणारे त्यांच्या मुलांच्या वयाचे. शेवटी ब्रॅकनेलचं घर विकून दोघं बर्मिंगहॅमला गेली. काकूंना तिथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि सरांना तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या, आयटी हेल्पडेस्कवर. पासवर्ड विसरलेल्या लोकांचे फोन घ्यायचे. मी एकदा त्यांना तिथे भेटायला गेले तेव्हा ते फोनवर कुणा म्हातारीला समजावत होते. तिला बटण सापडत नव्हतं. सर म्हणत होते, "काही घाई नाही. तुम्हाला समोर काय दिसतंय ते सांगा, तिथून निघू."

मागच्या महिन्यात आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो होतो. लीड्सवाला आला, ब्रिस्टलच्या दोघी आल्या, कॉलिन ट्रेनने आला. मे संपायच्या आत बर्मिंगहॅमच्या त्याच बँकेत लागलेला समीर, ऋतुजा आणि त्यांची ईरा. ईरा आता चार वर्षांची आहे. तिचं मराठी बर्मिंगहॅमच्या नर्सरीतून गाळून आलेलं आहे. त्यात 'तो' आणि 'ती' हे भेद कधी असतात, कधी नसतात.

जेवणं झाल्यावर ती सरांच्या मांडीवर चढून बसली आणि तिने गोष्ट मागितली. सरांना दुसरी येत नाही. त्यांनी तीच सांगितली, चिखल, थंडी, होड्या.

"मग ती जनरल घरी गेली?" ईराने विचारलं.

"गेली नाही गं, गेला," ऋतुजा म्हणाली. "जनरल बॉय आहे."

सरांनी हाताने तिला थांबवलं. "गेली," ते ईराला म्हणाले. "सगळ्यांना घेऊन घरी गेली."

ईराचं तेवढ्याने भागलं नाही. तिने सरांच्या कार्डिगनचं बटण धरलं. "सगळ्यांना? बेबींना पण?"

सर चष्मा काढून पुसत बसले. समीर जमिनीकडे बघत होता. ईरा वाट बघत होती.

"बेबींना आधी," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.